ज्याला मारलं, त्याच्याच नावाचं नाणं

१५ मे १८४०. इंग्लंडच्या लँकशायर भागात, प्रेस्टनजवळ, मजूर रिबल नदीचा काठ दुरुस्त करत होते. खणता खणता शिशाची एक पेटी लागली. आत चांदीच चांदी! हातातली कडी, लगडी, तोडलेले दागिने आणि सात हजारांहून जास्त नाणी. सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास. हे क्युरडेलचं घबाड. इ.स. ९०५ ते ९१० च्या सुमारास व्हायकिंगांनी ते पुरलं, असं त्यातल्या नाण्यांवरून ठरतं.

या घबाडात अरबी लिपीतले दिरहम आहेत, आजच्या फ्रान्स-जर्मनी पट्ट्यातल्या फ्रँक राजांची नाणी आहेत, दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाचीही आहेत. पण अठराशेच्या आसपास नाणी एका वेगळ्याच छापाची आहेत. रुंदी साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढी, पण अंगाने पातळ. वजन दीड ग्रॅमच्याही आत. एका बाजूला मधोमध मोठं रोमन ‘ए’ अक्षर आणि त्याभोवती गोलाकार लॅटिन मजकूर. दुसऱ्या बाजूला छोटा क्रूस आणि नाणं पाडणाऱ्याचं नाव. ‘ए’भोवतीची अक्षरं लावून वाचली की कळतं, ही हाक आहे : ‘हे संत एडमंड राजा!’

एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे आजच्या नॉरफोक-सफोक पट्ट्याचा राजा. त्याला ठार मारलं व्हायकिंगांनी. आणि ही नाणी पाडली तीही व्हायकिंगांच्याच राज्यात, त्याच ईस्ट अँग्लियात, त्याच्या मृत्यूला तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

व्हायकिंग परमुलखात कसे मिसळून गेले हे सांगताना फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं उदाहरण सर्रास दिलं जातं. फ्रँक राजाशी ९११ चा करार, व्हायकिंग सरदार रोलोचा बाप्तिस्मा आणि काही पिढ्यांत फ्रेंच बोलणारे नॉर्मन. उदाहरण खरं आहे, पण तिथे सगळं उताराला लागलेल्या पाण्यासारखं सरळ दिसतं. मला ईस्ट अँग्लियाचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. तिथे मिसळण्याआधी रक्त सांडलं होतं, कुणाचं सांडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही पुढे एकत्र राहायचं होतं.

राजा गेला, टांकसाळ राहिली

८६५ मध्ये इंग्रजांच्या इतिवृत्तात जिला ‘मोठी अधर्मी फौज’ म्हटलं आहे, ती ईस्ट अँग्लियाच्या किनाऱ्यावर उतरली. त्या वर्षी लढाई झाली नाही. स्थानिकांनी घोडे देऊन तह केला आणि त्या घोड्यांवर बसून फौज उत्तरेला गेली. ८६६ मध्ये तिने यॉर्क घेतलं, पुढच्या वर्षी नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या राज्याचे दोन्ही राजे मारले, मग मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्यात नॉटिंगहॅमला मुक्काम ठोकला. ८६९ च्या हिवाळ्याआधी ती परत ईस्ट अँग्लियात आली आणि थेटफर्डला छावणी पडली. या वेळी एडमंड लढायला उभा राहिला. इतिवृत्त हे सगळं जवळजवळ एका दमात सांगतं : राजा लढला, डेन (इंग्रज या व्हायकिंगांना डेनच म्हणत) जिंकले, राजाला मारलं, सगळा मुलूख घेतला. २० नोव्हेंबर हा त्याचा स्मृतिदिन चर्चमध्ये आजही पाळतात.

त्यानंतर ईस्ट अँग्लियावर अंधार पडतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बिशपांच्या याद्या तुटतात त्या दहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. मठ उजाड झाले. या राज्याचं त्याआधीचं एकही अस्सल दानपत्र शिल्लक नाही. एक अख्खं राज्य आपल्या दप्तरासकट नाहीसं झालं, तेव्हा तिथल्या लोकांनी काय सोसलं असेल याची कल्पना त्या रिकामेपणावरूनच करावी लागते.

बोलतात ती फक्त नाणी. ८७० च्या दशकातली थोडी नाणी ओसवाल्ड आणि एथेलरेड अशा दोन राजांच्या नावाची सापडली आहेत. हे राजे कोणत्याही इतिवृत्तात नाहीत, ते फक्त नाण्यांवर जगले. बहुधा डेनांच्या मर्जीने बसलेले स्थानिक राजे असावेत. पण यातून एक गोष्ट पक्की कळते : राजवंश बुडाला तरी नाणी पाडणारे हात कामावर होते. पुढचं सगळं प्रकरण या हातांवर उभं आहे.

गुथ्रमचा अथेलस्टन झाला

८७४ मध्ये फौज फुटली. एक भाग नॉर्थम्ब्रियाला गेला आणि ८७६ मध्ये तिथल्या जमिनी वाटून घेऊन नांगराला लागला. दुसरा भाग गुथ्रम नावाच्या म्होरक्याबरोबर केंब्रिजला आला. हा गुथ्रम बहुधा ८७१ मध्ये आलेल्या नव्या तुकडीतला, म्हणजे एडमंडला मारताना तो तिथे नसावा. त्याच्या हाताखालचे काही जण मात्र होते असं मानायला हरकत नाही.

८७८ च्या जानेवारीत गुथ्रमने वेसेक्सवर झडप घातली. आल्फ्रेड दलदलीत दडून बसला, वसंतात बाहेर आला आणि मे महिन्यात एडिंग्टनला त्याने गुथ्रमला हरवलं. तहाची अट होती बाप्तिस्मा. आपल्या तीस निवडक माणसांसह गुथ्रम ऑलर गावी आला. आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. त्याला नवं नाव मिळालं, अथेलस्टन. बारा दिवस पाहुणचार झाला, भेटी दिल्या गेल्या. ८८० मध्ये फौज ईस्ट अँग्लियात परतली आणि तिथल्या जमिनी तिने वाटून घेतल्या.

हा बाप्तिस्मा हरलेल्या माणसाचा होता. त्यात श्रद्धा किती होती हे विचारण्यापेक्षा, पुढे त्याने त्या नावाचं काय केलं हे बघावं. ईस्ट अँग्लियात परतल्यावर त्याने नाणी पाडली ती अथेलस्टन नावाने. छाप थेट आल्फ्रेडच्या नाण्यांवरून उचललेला. आल्फ्रेडपासून दूर, स्वतःच्या मुलखात, ते नाव टाकून द्यायला त्याला कुणी अडवलं नसतं. त्याने ठेवलं. त्याला एक कारण नक्की असणार : याच ईस्ट अँग्लियात नवव्या शतकाच्या पूर्वार्धात अथेलस्टन नावाचा राजा होऊन गेला होता आणि त्याचीही नाणी चालली होती. बाजारातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओळखीचं नाव नव्या राजाला आयतं मिळालं.

आल्फ्रेड आणि गुथ्रम यांच्यातल्या तहाचा मजकूर उपलब्ध आहे. सरहद्द थेम्स नदीने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्डला, मग ऊझ नदीने वॉटलिंगच्या रस्त्यापर्यंत. खुनाची भरपाई इंग्रज आणि डेन यांना सारखीच, शुद्ध सोन्याचे आठ अर्धे मार्क. गुलाम, घोडा किंवा बैल विकत घेताना हमी कोण देतो ते माहीत असलंच पाहिजे. ही कलमं वाचली की मला जाणवतं, इथे धर्मापेक्षा बैलाची काळजी जास्त आहे, आणि माणसं शेजारी शेजारी राहायला लागल्याची खूण तीच आहे. चोरीचा बैल सरहद्दीपलीकडे गेला तर काय करायचं, हा प्रश्न लुटारूला पडत नाही. तो पडतो शेतकऱ्याला.

चुकलेली अक्षरं

गुथ्रम ८९० मध्ये वारला. त्यानंतर पाचेक वर्षांत संत एडमंडची नाणी सुरू झाली आणि ९१७-९१८ पर्यंत चालली. थोडी नव्हेत, तर राज्याचं मुख्य चलन म्हणून.

त्यांच्यावरचं मोठं ‘ए’ एडमंडच्या हयातीतल्या नाण्यांवरही होतं, त्याच्या आधीच्या राजांच्या नाण्यांवरही. म्हणजे छाप निवडताना कुणीतरी जुनं नाणं समोर ठेवलं होतं. वजनाचंही तेच. आल्फ्रेडने आपलं नाणं सुधारून साधारण १.६ ग्रॅमचं केलं होतं, पण ही नाणी १.३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या, आल्फ्रेडच्या सुधारणेआधीच्या मापावर. गुथ्रमने आल्फ्रेडचा छाप घेतला होता, त्याच्या मागून आलेल्यांनी छापही ईस्ट अँग्लियाचाच घेतला.

नाण्याच्या मागची नावं तर फारच बोलकी आहेत. ती बरीचशी फ्रँक वळणाची, समुद्रापलीकडच्या मुलखातली. स्कँडिनेव्हियन नावं अगदी थोडी. मायदेशात चांदी बहुतेक तोलून घेणाऱ्या, कड्याचा तुकडा तोडून तागडीत टाकणाऱ्या लोकांना राजाच्या छापावर विसंबून मोजून पैसा चालवायची पद्धत बसवायची होती. त्यासाठी त्यांनी जाणकार कारागीर मिळवले. काही जुन्या टांकसाळीतले असतील, काही नव्याने आणलेले. घडी बसवायला हाताशी माणसं लागतात, ती बाहेरून आली तरी चालतात, हे या डेनांनी ओळखलं होतं.

आणि अक्षरं! कितीतरी नाण्यांवर लॅटिन मजकूर चुकलेला आहे. अक्षरं उलटी, गाळलेली, एकात एक घुसलेली. ठसा कोरणाऱ्याला लिहिता येत नसावं, तो समोरच्या नमुन्यावरून रेघा उतरवत होता. या चुका पाहताना माझ्या मनात फार आपुलकी दाटते. कुठल्याशा खोलीत दिव्याच्या उजेडात एक माणूस लोखंडाच्या ठशावर अशा संताचं नाव कोरतोय, जे त्याला वाचता येत नाही. पण ते तिथे असलंच पाहिजे, त्याशिवाय नाणं चालणार नाही, एवढं त्याला माहीत आहे.

मग हे केलं कशासाठी?

पश्चात्ताप, हे उत्तर मला पटत नाही. याच वर्षांत ईस्ट अँग्लियाचे डेन काय करत होते ते इतिवृत्तात आहे. ८९२ मध्ये फ्रान्सच्या बाजूने नवी फौज केंटला उतरली. ईस्ट अँग्लियाच्या डेनांनी आल्फ्रेडकडे सहा प्रमुख माणसं ओलीस ठेवली होती. तरी नवी फौज लुटीला निघाली की हेही बरोबर निघत. त्या फौजेने आपल्या बायका, गलबतं आणि मालमत्ता सुरक्षित ठेवायला जागा निवडली तीही ईस्ट अँग्लियाच. म्हणजे टांकसाळीत संताचं नाव आणि शेताबाहेर जुनाच धंदा. दोन्ही एकाच वेळी, एकाच मुलखात. माणसं बदलतात ती अशीच, एक हात पुढे आणि एक मागे. त्यात ढोंग शोधत बसलं की प्रकरण हातातून निसटतं.

चर्चशी झालेला सौदा, हे उत्तर जास्त वजनदार आहे. उत्तरेत त्याला जोड सापडते. यॉर्कच्या डेनांनी गुथफ्रिथ नावाचा राजा संत कथबर्टच्या भिक्षूंच्या पुढाकाराने निवडला अशी त्या भिक्षूंचीच परंपरा सांगते, आणि ८९५ मध्ये वारल्यावर त्याला यॉर्कच्या मुख्य चर्चमध्ये पुरलं. पुढे यॉर्कला संत पीटरच्या नावाची नाणी निघाली. त्यांतल्या काहींवर संताच्या नावाशेजारी तलवार आहे आणि थॉर देवाचा हातोडाही. तिथे दोन्ही देवांना एका नाण्यात जागा मिळाली. ईस्ट अँग्लियात मात्र बिशपच उरला नव्हता. सौदा करायचा तर कुणाशी? राहिलेल्या गावोगावच्या पाद्र्यांशी, आणि त्यांच्याही मागे उभ्या असलेल्या लोकांशी.

माझं मत असं आहे. एडमंडला संत केलं ते आधी सामान्य माणसांनी. त्यांचा राजा त्यांच्यासाठी मेला होता, त्याच्या मागे वारस नव्हता, बिशप नव्हता, मठ नव्हता. उरली होती फक्त त्याची आठवण, आणि तिचीच त्यांनी पूजा मांडली. जमिनी वाटून घेऊन बसलेल्या डेनांना सारा, धान्य, न्हावी-लोहारापर्यंतची सगळी सेवा याच माणसांकडून घ्यायची होती. त्यांच्या पूजेला विरोध करायचा की ती आपलीशी करायची, एवढाच प्रश्न होता. विरोध केला असता तर एडमंड रोज बंडाची हाक झाला असता. आपलासा केला तर तो राज्याचा रक्षक झाला, आणि वारस नसल्यामुळे गादी मागायला कुणी येणारही नव्हतं.

शिवाय दक्षिणेला वेसेक्स होतं. आल्फ्रेड आणि पुढे त्याचा मुलगा एडवर्ड स्वतःला सगळ्या इंग्रजांचे राजे म्हणवू लागले होते. आल्फ्रेडच्या मृत्यूनंतर त्याचा पुतण्या एथेलवाल्ड बंड करून डेनांकडे आला. ९०२ मध्ये त्याच्यासाठी ईस्ट अँग्लियाचा डेन राजा एओहरिक वेसेक्सवर चालून गेला आणि होल्मच्या लढाईत दोघेही पडले. अशा झगड्यात एडमंड फार कामाचा होता. तो वेसेक्सचा नव्हता. तो ‘आमच्या मुलखाचा’ राजा होता. आणि ‘आमच्या’ म्हणणाऱ्यांत आता डेनही आले होते.

घराच्या आत

नाणं राजाचं. घरातलं काय? त्याचं उत्तर नॉरफोकच्या नांगरटीच्या जमिनीतून येतं. गेल्या काही दशकांत हौशी धातुशोधकांना तिथे स्कँडिनेव्हियन वळणाचे पेहरावाचे बिल्ले, म्हणजे कपडे अडकवायच्या शोभेच्या पिना, शेकड्यांनी सापडल्या आहेत. बायकांच्या वापरातल्या. अस्सल स्कँडिनेव्हियन गोल पिन फुगीर असते आणि तिला मागे काही टांगायला जादा कडी असते. इंग्रज पिन सपाट. इथे सापडलेल्यांत काही अशा आहेत की वरची वेलबुट्टी डेन गाठींची आणि अंग इंग्रज पद्धतीचं सपाट. पितळी, स्वस्तातल्या, कुणाही शेतकऱ्याच्या बायकोला परवडतील अशा. ती डेन बाई इंग्रज कपडे घालायला लागली होती, की इंग्रज बाईला डेनांची नक्षी आवडली होती? पिनेवरून दोन्ही शक्य वाटतं, आणि तेच तिचं खरं महत्त्व.

गावांच्या नावांतही असंच. यारमथजवळच्या फ्लेग भागात, पाण्याने वेढलेल्या छोट्याशा पट्ट्यात, फिल्बी, हेम्सबी, रोल्सबी, ऑर्म्सबी, स्क्रॅटबी, क्लिप्सबी अशी गावं दाटीने बसली आहेत. ‘बी’ म्हणजे डेनांच्या बोलीत गाव. ऑर्म्सबी म्हणजे ऑर्मचं गाव. पण पश्चिमेला ग्रिम्स्टन आहे : ग्रिम हा डेन माणूस, आणि ‘टन’ हा गावासाठी इंग्रज शब्द. मालक नवा, शेजाऱ्यांनी हाक मारली ती आपल्या भाषेत.

आज आपण शाळेत शिकतो त्या इंग्रजीत एग, विंडो, हजबंड, लॉ, नाइफ हे शब्द इंग्लंडातल्या अशाच डेन वसाहतींतून आले. अंडं, खिडकी, नवरा, कायदा, सुरी. पूजेअर्चेचे नाहीत, दरबारचे फार नाहीत, चुलीजवळचे आणि अंगणातले आहेत. ‘दे’ म्हणजे ‘ते’ हे सर्वनामसुद्धा त्यांचंच. सर्वनाम सहसा कुणी उसनं घेत नाही. ते घ्यायला एका घरात दोन भाषा बोलल्या जाव्या लागतात.

मारेकऱ्यांची नावं

९१७ मध्ये एडवर्डने हा मुलूख जिंकला आणि ईस्ट अँग्लियाच्या फौजेने त्याला निष्ठेची शपथ दिली. संत एडमंडची नाणी थांबली, पण संत थांबला नाही. त्याचं शव ज्या गावी नेलं ते पुढे बरी सेंट एडमंड्स झालं, आणि १०२० मध्ये तिथल्या मठाला नवं रूप दिलं ते कनूट या डेन राजाने.

त्याआधीची एक गोष्ट मला या प्रकरणाचा शेवट वाटते. कँटरबरीचा आर्चबिशप ओडा, कारकीर्द ९४१ ते ९५८, हा डेन बापाचा मुलगा. त्याचे वडील इव्हार आणि उब्बा यांच्या फौजेबरोबर इंग्लंडात आले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. मुलगा मात्र त्यांच्या मर्जीविरुद्ध चर्चमध्ये जात असे, असं रॅमसी मठातल्या एका भिक्षूने लिहून ठेवलं आहे. तो रॅमसी मठ बिशप ओसवाल्डने स्थापला होता (नाण्यांवरचा ओसवाल्ड राजा वेगळा), आणि हा ओसवाल्ड ओडाच्याच घरातला, त्याच्या भावंडाचा मुलगा, त्याच्याच छायेत वाढलेला.

९८५ च्या सुमारास फ्रान्सहून अब्बो नावाचा विद्वान भिक्षू या मठात शिकवायला आला. एडमंडचा शस्त्रवाहक म्हातारपणी अथेलस्टन राजाच्या (हा तिसराच अथेलस्टन, एडवर्डचा मुलगा) दरबारात धन्याच्या मरणाची हकिगत शपथेवर सांगत होता. ती पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या तरुण डन्स्टनने ऐकली, आणि डन्स्टनने म्हातारपणी अब्बोला सांगितली. रॅमसीच्या भिक्षूंनी अब्बोला विनवलं, हे लिहून ठेवा. त्याने लिहिलं : झाडाला बांधलेला राजा, अंगभर बाण, तोडलेलं डोकं, ते राखत बसलेला लांडगा. संत एडमंडचं पहिलं चरित्र ते हे.

त्यात मारेकरी फौजेच्या म्होरक्यांची नावं आहेत. इव्हार आणि उब्बा.